रविवारी आमच्याकडे माती आहे

आमचे चुलतभाऊ सूर्यभानराव एसटीत कंडक्टर होते. ‘होते’ हे आपलं पेन्शन सुरू झाली म्हणून म्हणायचं. एरवी ते अजून गाडीतून उतरलेले नाहीत. घरी चार पाहुणे दाटीनं बसले की त्यांच्या तोंडून आपोआप “पुढं सरका, पुढं मोकळं हाय” निघतं. जेवताना ताटावर वाटी एकदा आपटली तर भाकरी हवी असते, दोनदा आपटली तर जेवण झालं, गाडी सोडा. सत्यशीलावहिनींनी या दोन घंट्यांवर अख्खा संसार ओढला आणि कधी गाडी चुकू दिली नाही.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर मातीचं घर बांधायचं काढलं, त्याचं मूळही एसटीतच आहे. दिवस पत्र्याच्या गाडीत जायचा आणि रात्र जिंतूरच्या भाड्याच्या खोलीत, तीही पत्र्याचीच. आपल्याकडचा मे महिना पत्र्याखाली काढलेल्या माणसाला नरकाची भीती घालून उपयोग नसतो. तो विचारतो, तिथं पंखा आहे का. सूर्यभानरावांनी तेव्हाच ठरवलं होतं, घर होईल ते जाड मातीच्या भिंतींचं. लहानपणी आमचं होतं तसं. भरदुपारी भिंतीला पाठ टेकली की माठाला टेकल्यासारखी वाटायची.

जागेचा प्रश्न नव्हता. चारठाण्याजवळच्या एका गावात वहिनींना त्यांच्या वडिलांनी गावठाणातली जागा दिली होती, वहिनींच्याच नावावर. दोघं तिथं राहायला गेली. जागेला लागून एक खोली मिळाली, तीही पत्र्याची. आणि सूर्यभानरावांनी पहिलं काम काय केलं, तर ग्रामपंचायतीत बांधकाम परवानगीची दरखास्त नेऊन दिली.

ग्रामसेवक योगीराज हा भला माणूस. त्यानं दरखास्त दोनदा वाचली आणि चहा मागवला. त्याच्या नोकरीत मातीच्या घराची परवानगी मागणारा हा पहिलाच. ज्याला मातीचं बांधायचं तो गुपचूप बांधतो, आणि ज्याच्याकडे आधीच आहे तो ते पाडून पक्कं बांधायला घरकुल मिळतं का, हे विचारायला येतो. योगीराज म्हणाला, काका, बांधून टाका, कोण बघायलाय. पण ज्या माणसानं सख्ख्या मेहुण्यालाही तिकीट काढायला लावलं, तो बिनतिकिटाच्या घरात कसा राहील? परवानगी पाहिजे म्हणजे पाहिजे. तेव्हा योगीराजनं सांगितलं, इंजिनिअरची सही असलेला नकाशा आणा आणि जागेच्या मालकिणीची संमती आणा. आणि उठता उठता, आपली माहिती म्हणून, एक वाक्य टाकलं, की नोंदीत हे घर ‘कच्चं’ असं लागेल.

हा शब्द सूर्यभानरावांनी घरी जाऊन जसाच्या तसा सांगितला. संसारात काही तिकिटं न फाडलेलीच बरी असतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

“जिंदगी गेली लोकायच्या खोल्यांत,” वहिनी म्हणाल्या. “आता सोताचं बांधायलात, तर तेबी कच्चं? मी सही करत नसते.”

सूर्यभानरावांनी पुष्कळ समजावलं. चारठाण्याची जुनी देवळं दाखवली. म्हणाले, बघ, सिमेंटचा कण तरी हाय का? वहिनी म्हणाल्या, ती दगडाची हायत, आणि तिथं देव राहतो, त्याला कुठं भांडी घासायची असतात. त्यानंतर त्यांनी बोलणंच बंद केलं. वाटी एकदा वाजली की भाकरी यायची, पण मुकी यायची.

म्हणजे आता घर अडलं होतं दोन सह्यांवर. त्यातली सोपी कुठली, तर इंजिनिअरची, म्हणून सूर्यभानराव तिकडं वळले. परभणीला अर्पिता नावाची एक तरुण इंजिनिअर आहे, माझ्या माहितीतली. मीच गाठ घालून दिली. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं येऊन जागा पाहिली आणि सांगितलं, नकाशा देते, पण सही तशी करणार नाही. आधी दगडाच्या पायावर कमरेइतकी नमुन्याची भिंत बांधून दाखवा. वाळली की मी वरून पाणी सोडून बघीन. टिकली तर सही.

पहिली भिंत त्यांनी शेतातल्या काळ्या मातीची बांधली. काळी माती कापसाला चांगली, भिंतीला नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते. आठवड्यात तिला अशा भेगा पडल्या, की एका पालीनं त्यात सहकुटुंब बिऱ्हाड केलं. मग गावातल्या म्हाताऱ्यांनी वेड्यात काढून पांढऱ्या मातीची वाट दाखवली. पडक्या गढीची पांढरी माती ट्रॅक्टरनं आली, गव्हाचं भुसकट आलं, पाणी सोडलं. आता हा ढीग तुडवायचा होता. पांढरी माती लाडानं ऐकत नाही. तिला पायाखाली मळून लोण्यासारखी करावी लागते आणि त्याला पाय लागतात पुष्कळ. सूर्यभानरावांचे स्वतःचे दोन, त्यातला एक उभ्यानं नोकरी करून सुजणारा. मजूर मिळेनात, कारण सोयाबीनची काढणी चाललेली. अर्पितानं येण्याचा दिवस सांगून ठेवलेला, आणि भिंत वाळायला वेळ लागणार.

तेव्हा त्यांनी आपल्या माणसांना हाक मारायचं ठरवलं. भावकीच्या आणि निवृत्त कंडक्टरांच्या अशा दोन्ही ग्रुपवर त्यांनी संदेश टाकला. तो मी जपून ठेवला आहे:

‘रविवारी सकाळी आठ वाजता आमच्याकडे माती आहे. सर्वांनी वेळेवर यावे. — सूर्यभान.’

आता आपल्याकडं माती म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपण लग्नाला जातो, बारशाला जातो, आणि माणूस गेलं की मातीला जातो. मातीला नाही म्हणता येत नाही. आणि संदेश खुद्द सूर्यभानरावांनी पाठवलेला. म्हणजे ते होते. मग घरात उरलं कोण?

मी लगेच फोन लावला. अशा वेळी सरळ कसं विचारायचं? विचारलं, दादा, असं अचानक?

“अचानक कुठं,” दादा शांतपणे म्हणाले. “लय दिवसांपासून मनात होतं.”

मी वहिनींचं नाव कसंबसं काढलं.

“तिचं काय इचारतो? ती आता बोलतच न्हाई. तू ये, पाण्याची सोय केलीय. आन् जुने कपडे आण.”

दुःखानं माणूस भ्रमिष्ट होतो असं ऐकलं होतं. मी हार घेतला आणि रविवारी पहाटेची गाडी धरली.

देवगाव फाट्याहून सूर्यभानरावांची धाकटी बहीण सरजाबाई रिक्षा करून आल्या. त्यांच्यात आणि वहिनींच्यात कुठल्याशा लग्नातल्या मानाच्या लुगड्यावरून अबोला होता. लुगडं विरून गेलं, अबोला टिकला. पण रिक्षा वळणावर येताच सरजाबाईंनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून कंडक्टर मंडळींनी हातातले हार सावरले. वयनी, तुमच्यासारखी भाकर कोण थापील. वयनी, मला न्हाण आलं तवा तुमी माझं डोकं धुतलं. वयनी, लुगड्याचं माझंच चुकलं, एकदा बोलायचं व्हतं. आम्ही सगळे पांढऱ्या टोप्या घालून, माना खाली घालून उभे. समोर पांढऱ्या मातीचा भलामोठा ढीग, आणि त्याच्या शेंड्यावर गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेले सूर्यभानराव, चेहऱ्यावर अपार आनंद.

वहिनी तेव्हा कुठं होत्या, तर पत्र्याच्या दाराआड, हातात झाडू घेऊन. हंबरड्याच्या पहिल्याच ओळीला त्यांना सगळं कळलं होतं. पण त्या लगेच बाहेर आल्या नाहीत. स्वतःविषयी इतकं चांगलं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि सरजाबाई अजून लुगड्यापर्यंत पोचायच्या होत्या. लुगडं ऐकून झालं, तेव्हा कुठं त्यांनी दार उघडलं.

“सरजे,” त्या म्हणाल्या, “आत ये. चहा घे.”

पुढचा बराच वेळ काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. कुणी पळालं, कुणी पाया पडलं, सरजाबाई वहिनींच्या गळ्यात पडून आधी रडल्या आणि मग त्यांनाच बोल लावू लागल्या. संदेशातली माती कुठली हे ध्यानात आल्यावर सगळ्यांचा मोर्चा सूर्यभानरावांकडं वळला. ते ढिगावरूनच खुलासा करत होते, की माती आहे म्हटलं तर माती आहे, यात खोटं काय.

खरी पंचाईत पुढंच होती. मातीला म्हणून घर सोडलेल्या माणसाला आंघोळ केल्याशिवाय परत घरात घेत नाहीत. इथं कुणी गेलेलं नव्हतं, पण मंडळी तर निघतानाच मातीची होऊन आली होती. आंघोळ करायची का नाही, यावर कंडक्टरांत वाद लागला. तो वहिनींनी मिटवला.

“आंघोळ तर करावीच लागंल,” त्या म्हणाल्या. “मंग न मळताच कशाला करता? उतरा चिखलात.”

आणि मंडळी उतरली. हार लिंबाच्या फांदीला अडकवले, टोप्या खिशात घातल्या, धोतरं वर खोचली. एका जुन्या कंडक्टरनं दोन घंट्यांची हाळी दिली आणि चिखल सुरू झाला. सरजाबाई आणि वहिनी एकमेकींचा हात धरून तुडवत होत्या. दुपारपर्यंत माती लोण्यासारखी झाली.

जेवणं झाल्यावर लोक कुणी दगडावर, कुणी बादली पालथी घालून, कुणी नुसतेच मातीत बसले होते. वहिनी दारात उभ्या राहून हे बराच वेळ पाहत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांनी नवऱ्याशी काढलेला तो पहिला शब्द. “मी मेले म्हणून एवढी मान्सं आली. जित्तेपणी आली तर बसवू कुठं? तुमच्या नकाशात ओटा हाय का?”

नव्हता. सूर्यभानरावांनी खोल्या, खिडक्या, चुलीचा धूर जाण्याची वाट, सगळं योजलं होतं. माणसं बसतील हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. जन्मभर लोकांना पुढं सरका म्हणणाऱ्याचं असंच होतं.

भिंत उभी राहिली, वाळली. अर्पितानं तिच्यावर नळीनं पाणी सोडलं. वरचा एक पापुद्रा गेला, भिंत हलली नाही. नवा नकाशा झाला, समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटा. अर्पितानं सही केली. मग वहिनी स्वतः ग्रामपंचायतीत गेल्या आणि सही करण्याआधी त्यांनी योगीराजला विचारलं, कच्चं हा शब्द कुठं लिहायलास ते दाखव. योगीराजनं नोंदवहीतला रकाना दाखवला.

“त्याच्याखाली काय हाय?”

त्याच्याखाली ‘दगड-मातीचे’ असाही एक रकाना होता. योगीराजच्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

“मंग ते लिव्ह,” वहिनी म्हणाल्या, आणि अक्षर जुळवत सही केली.

परवानगी हातात आली तो दिवस सूर्यभानरावांनी तिकीट मिळाल्यासारखा साजरा केला. आता खऱ्या घराची माती तुडवायची होती. या वेळी संदेश वहिनींनी शेजारी बसून लिहून घेतला: ‘रविवारी आमच्याकडे चिखल तुडवणे आहे. सर्व जिवंत आहेत. जेवणाची सोय आहे.’

त्या रविवारी निम्मीच माणसं आली. कुणाचा कापूस वेचायचा होता, कुणाचं दुखत होतं, एका कंडक्टराला पिंगळीला साखरपुडा निघाला. सरजाबाई मात्र मुक्कामाला आल्या होत्या. वहिनींनी पदर खोचला, ढिगाकडं पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या,

“पुढच्या बारीला पयल्यासारखंच लिव्हा.”