बाहेरच्या तीन कड्या

आमच्या रेडिओ दुर्बिणीवर वर्षानुवर्षं बोल्ट फिरवणाऱ्या माणसाला सगळे पावफेरा म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. मी स्टोअर सांभाळायचे. पाने, बोल्ट, वॉशर सगळं माझ्याकडून जायचं, त्यामुळे त्याची नि माझी गाठ रोजचीच. तो नाकासमोर चालणारा माणूस, लग्नाचं राहूनच गेलेला. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीने त्याला वाढवला, आणि तिच्याच नवऱ्याने त्याला इथे चिकटवला. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळी कॉलनीच त्यांना दाजी म्हणायला लागली. अगदी साहेबलोकसुद्धा.

दुर्बीण म्हणजे तीस मीटर रुंदीची एक मोठी डिश. ती अखंड नसते. पत्र्याची पॅनेलं एकाला एक लावून, सात गोल कड्यांत बसवलेली असतात, आणि प्रत्येक पॅनेलच्या चारी कोपऱ्यांना खालून एकेक बोल्ट. बोल्ट फिरवला की कोपरा वर किंवा खाली होतो. आकाशातून येणारी लहर फार क्षीण असते. पत्रा मिलिमीटरभर चुकला की ती मधोमध जमायच्या ऐवजी भलतीकडेच जाते. म्हणून दर दोन वर्षांनी सगळी डिश मोजायची आणि जिथे चुकलं असेल तिथे बोल्ट फिरवून सुधारायची.

हे काम दोघांचं. डिश सरळ आकाशाकडे तोंड करून उभी करायची. दाजी तिच्या मधोमध फळीवर बसायचे, समोर कोन मोजायची छोटी दुर्बीण. पत्र्यावर चिकटवलेल्या खुणांवर ते आतली बारीक रेघ आणून ठेवायचे, आकडा वाचायचे, वहीत लिहायचे, हिशोब करायचे आणि तारेवरच्या फोनवर सांगायचे, "चौदा नंबर, डावा कोपरा, पाव फेरा वर." पावफेरा खाली सांगाड्यात, पट्टा बांधून, पाठीवर आडवा. तो म्हणायचा, "पाव वर. झाला." उन्हाने लोखंड फुगतं, म्हणून उजाडल्यापासून नऊपर्यंतच काम. नऊनंतर दोघं खाली उतरून चहा प्यायचे, आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. बोलणं वर झालेलं असायचं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आतल्या चार कड्या नेहमीसारख्या पार पडल्या. मग आठ आठवडे हवा खराब. पाचव्या कडीला हात लावला तेव्हा मधे बराच काळ गेला होता.

पावफेऱ्याला तिसऱ्याच दिवशी कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. प्रत्येक बोल्टवर तो पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवायचा. दोन वर्षांत बोल्ट फार तर अर्धा-पाव फेरा इकडेतिकडे व्हायचा. या वेळी दाजी सांगत होते, पाऊण फेरा खाली, एक फेरा वर. एकदा एकाच कोपऱ्याला आधी वर सांगितलं, आणि फेरतपासणीत खाली. त्याने सांगितलं तसं केलं. पण काम संपल्यावर तो डिशच्या आत चढला आणि दोन पॅनेलांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. पुढच्या सांध्यालाही अडकलं.

"दाजी, सांधे वर-खाली झालेत," तो म्हणाला.

"माप यंत्राने घेतात. नखाने घेतात का?" दाजी म्हणाले आणि डबा उघडून बसले.

दोन दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा दाजींनी डबा बाजूला ठेवला. "रेघ वाकडी दिसते," ते म्हणाले. "सरळ रेघेला मधेच पोक आल्यासारखं. बाजूचं सगळं स्वच्छ दिसतं, पण जिथे बघायचं तिथेच वाकडं." त्यांचा डावा डोळा जन्मापासून अधू. सगळी नोकरी उजव्यावर झालेली.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. पडद्याला आतून सूज आहे म्हणाला. आणखी बिघडणार." मग डबा पुन्हा जवळ ओढत म्हणाले, "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझं. मी अंदाजाने दुरुस्ती करून घेतो. वाकडं किती ते एकदा कळलं की झालं."

संध्याकाळी ताईनेच त्याला बोलावून घेतलं. तिला सगळं ठाऊक होतं. दीड महिना तीच त्यांना पेपर वाचून दाखवत होती. ती म्हणाली, "त्या यंत्राला डोळा लावला की त्यांच्यात जीव येतो रे. ते काढून घेतलं तर हा माणूस घरात बसून काय करेल? तू बोलू नकोस. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही मी."

खरंच मागितलं नव्हतं. तो "बरं" म्हणाला. उरलेल्या दोन कड्या त्याने सांगितल्याबरहुकूम फिरवल्या. पाने परत द्यायला यायचा तेव्हा काउंटरवर बराच वेळ नुसता उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही बाई, पाठ धरलीय."

काम संपलं आणि आकाशातल्या एका ठाऊक असलेल्या रेडिओ स्रोताकडे डिश वळवून चाचणी घेतली. मागच्या खेपेपेक्षा संकेत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. सुधारणा करायला गेलो आणि डिश होती त्याहून बिघडली. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

प्रमुख अभियंता एक बाई होत्या. आवाज कधी चढायचा नाही, पण कागद बारकाईने वाचायच्या. त्यांनी दोघांना समोर बसवलं. त्या खोलीत काय झालं ते पावफेऱ्याने मला पुढे एकदाच सांगितलं. दाजींची वही मेजावर होती, अक्षर मोत्यासारखं. बाईंनी विचारलं, "आकडे बरोबर असतील, तर चूक कुठे झाली?"

दाजींनी वही मिटली. मग म्हणाले, "आकडे मी दिले. फिरवण्याचं काम याचं."

"तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी पावफेऱ्याला विचारलं.

त्याने दाजींकडे बघितलं. दाजी खिडकीकडे बघत होते. तो म्हणाला, "नाही."

सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. त्याला डिशवरून काढून माझ्या स्टोअरमध्ये पाठवला. बावीस वर्षं जमिनीपासून वीस मीटरवर काम केलेला माणूस, तो वॉशर मोजून डब्यांत भरायला लागला. कॅन्टीनमध्ये पोरं म्हणायची, "काय पावफेरा, आता अर्धा फेरा का?" तो हसल्यासारखं करायचा. दाजी समोरून आले की दोघंही वाट बदलायचे. ताईकडून रविवारचं जेवणाचं बोलावणं बंद झालं. त्याचं तोंड बघणं तिच्या जिवावर येत असणार. त्यानेच तिच्यासाठी मार खाल्ला होता.

तीन महिन्यांनी बाहेरून एक तुकडी आली. त्यांनी डिशचे शेकडो फोटो काढले आणि त्यावरून प्रत्येक कोपऱ्याचं माप काढलं. आतल्या चार कड्या उत्तम निघाल्या, बाहेरच्या तीन पार बिघडलेल्या. बाई स्टोअरमध्ये आल्या. त्या म्हणाल्या, "हातच निष्काळजी असता तर आतल्या कड्याही बिघडल्या असत्या. तुम्ही कुठला बोल्ट किती फिरवला, याची स्वतःची काही नोंद ठेवता का?"

तो ठेवायचा. त्याच्या लॉकरमध्ये बावीस वर्षांच्या खिशातल्या वह्या होत्या, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

दोन दिवस त्याने काही सांगितलं नाही. एक डबा चार वेळा रिकामा करून चार वेळा भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "बाई, मी बोलणार नाही असा शब्द दिलाय."

"मग बोलू नका," मी म्हटलं.

"वही देणं म्हणजे बोलणं होतं का?"

मी कानावर हात ठेवले नाहीत, पण उत्तरही दिलं नाही. आज वाटतं, द्यायला हवं होतं. तो वही घेऊन गेला आणि बाईंच्या मेजावर ठेवून, एक शब्द न बोलता परत आला.

दाजींनी लिहिलेले आकडे आणि त्याने फिरवलेले फेरे, एकाही बोल्टला तफावत नव्हती. म्हणजे आकडेच चुकीचे. बाईंनी दाजींना डोळे तपासून यायला सांगितलं. आठवड्याभरात दाजींच्या हातून यंत्र गेलं, महिन्याभरात त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. तो ताईने लिहिला, त्यांनी सही केली.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. पावफेराही आला, दारातच उभा राहिला. ताई भांडी कागदात गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "तू बोलला नाहीस, हे ठाऊक आहे मला. वही दिलीस."

"ताई, त्यांनी माझ्यावर घातलं होतं."

"ते चुकलेच," ती म्हणाली. "मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण मी तुझ्याकडे मागितलं होतं, त्यांनी नव्हतं." तिने गाठोडं उचललं. त्याने पुढे होऊन हात लावला, तर तिने ते दुसऱ्या हातात घेतलं आणि ट्रककडे गेली.

त्याला पुन्हा डिशवर घेतलं. फोटोवरून आलेल्या मापांप्रमाणे त्याने बाहेरच्या तिन्ही कड्यांचे पाचशे शहात्तर बोल्ट एकोणीस सकाळींत पुन्हा बसवले. फोनवर आता कोणी नव्हतं, हातात छापील यादी होती. डिश पूर्वी कधी नव्हती इतकी नेमकी झाली. बाईंनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. तो खाली मान घालून उभा होता, एखाद्याला रागावल्यावर उभा राहतो तसा.

ताईला त्याने पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. फोन केला की दाजी उचलायचे आणि म्हणायचे, "ती बाहेर गेलीय." चौथ्या वर्षी ती हृदयविकाराने गेली. त्याला ऑफिसातून कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. खोलीत दाजी एकटेच खुर्चीत बसले होते. त्यांना आता माणसाची फक्त कड दिसायची, चेहरा नाही.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी आहे."

दाजींनी टेबलाकडे हात केला. मग म्हणाले, "मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज आलाय. सही कुठे करायची ते कळत नाही मला." त्याने टेबलावरून कागद घेतला, पेन त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं. सही तिरकी गेली, पण चालली.

"ती शेवटी काही म्हणाली का? माझ्याबद्दल?"

"नाही," दाजी म्हणाले. खोटं बोलून त्याचं समाधान करता आलं असतं, पण त्यांनी ते केलं नाही.

तो तिथे तीन दिवस राहिला. कपाटं आवरली, ताईचे कपडे वाटून टाकले, गॅस बंद केला. चौथ्या दिवशी एका बॅगेत दाजींचं सामान भरलं आणि त्यांना घेऊन तो आमच्या कॉलनीत, आपल्या क्वार्टरवर आला. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचा, "कुठे जाणार ते?"

दाजी त्याच्याकडे सहा वर्षं राहिले. तो सकाळी डिशवर जाण्याआधी त्यांची दाढी करून द्यायचा, आणि आल्यावर दोघं जेवायचे. बाहेरच्या कड्यांचा विषय त्या घरात निघाला नाही. मी कधी डबा द्यायला गेले तर रेडिओ मोठ्याने चालू असायचा आणि दोघं आपापल्या खुर्चीत गप्प बसलेले असायचे.