पाठ न टेकणारा वर्ग

"मला तसं काही आठवत नाही," एवढंच मी फोनवर म्हणालो होतो. मला सगळं आठवत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या वाक्यानंतर फोनच्या पलीकडे जो आवाज झाला तो मी ऐकला, फोन ठेवला आणि फणसवाडीतल्या घरी जाऊन आमटीभात जेवलो.

परळच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. आमच्या कला शाखेकडे पोरं यायची बंद झाली होती. वरच्या मजल्यावर विनाअनुदानित कोर्सचे वर्ग गच्च भरलेले आणि खाली आम्ही रिकाम्या बाकांना शिकवत होतो. कॉमर्सचे एक सर स्टाफरूममध्ये रोज विचारायचे, "काय, आज कोरम झाला का?" सगळे हसायचे, मीही हसायचो. संख्या भरली नाही तर तुकडी बंद आणि आम्ही अतिरिक्त, हे मात्र कुणी हसत बोलत नसे.

मग मे महिन्यात आम्ही मास्तर लोक चाळी पालथ्या घालू लागलो. लालबाग, काळाचौकी, घोडपदेव. बारावी झालेलं पोर दिसलं की गाठायचं, आईबापाला समजवायचं. लोक पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे, आणि शेवटी विचारायचे, बीए करून काय मिळतं? मी पाणी संपवून पुढचं दार गाठायचो.

घोडपदेवात कबड्डीचं एक मंडळ आहे. त्याला लागून व्यायामशाळा. तिचा कारभार ज्यांच्याकडे, त्यांना सगळे दादा म्हणत. बाप गिरणीत, स्वतः अकरावीत शाळा सोडलेली, अंगाने अजून दगड. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मैदानात सराव चालला होता. चढाईला आलेल्या पोराला तिघांनी उचलून असा आपटला की माझ्या पायाखालची माती हादरली. तो उठला, तोंडातलं रक्त बाजूला थुंकला आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहिला. माझ्या वर्गात पोरं जांभया देत बसत. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

दादा म्हणाले, "पोरं देतो सर. तुम्ही पास करा."

मी म्हटलं, पास करणं माझ्या हातात नाही. वर्गात बसली तर होतील.

"मग बसवतो. आपल्याकडची पोरं बसतात."

त्या वर्षी तुकडी भरली. पण सकाळच्या तासाला ही पोरं यायची नाहीत. कुणी रात्री गाडी चालवायचा, कुणी पार्सलं पोचवायचा. त्याच सुमारास कॉलेजात नवी योजना आली. प्रत्येक शिक्षकाने काही विद्यार्थी दत्तक घ्यायचे, त्यांची हजेरी बघायची, घरी फोन करायचा, गळती थांबवायची. बाकीचे शिक्षक आईवडिलांना फोन करत. मी शॉर्टकट काढला. संध्याकाळी दादांना फोन करून गैरहजर पोरांची नावं वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी अख्खा कंपू पहिल्या बाकांवर.

एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. ती पोरं बाकाला पाठ टेकत नसत.

एकदा प्राचार्यबाई वर्गावरून जाताना थांबल्या. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, की सरांच्या वर्गातली मुलं बघा, कशी ताठ बसतात. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी डोळ्यांनी बघितलं होतं. एका संध्याकाळी काही कामाने व्यायामशाळेत गेलो तर तिथे हिशेब चालला होता, दादांचाच शब्द. सराव संपला की दांडी मारलेल्यांनी भिंतीला हात टेकून, बनियन काढून उभं राहायचं. दादांच्या हातात दोरीच्या मल्लखांबाची जुनी दोरी, दुहेरी केलेली. रागबिग काही नाही. एकेकाचं नाव घ्यायचं आणि हाणायचं. मधेच बाजूच्या माणसाला विचारायचं, उद्याच्या मॅचची बस सांगितली का रे? पुन्हा हाणायचं. पाठीवर वळ उठायचे, आधी पांढरे, मग लाल, मग काळपट. घामावर दोरी पडली की ओल्या कपड्यासारखा आवाज येतो. ओरडणाऱ्याला जास्त, म्हणून कुणी ओरडत नव्हतं. फक्त श्वास ऐकू येत होता.

मला खुर्ची दिली. चहा दिला. मी चहा प्यायलो. एक पोरगा मार खाऊन शर्ट घालत माझ्याजवळून गेला आणि म्हणाला, "सर, उद्या कितीला आहे तुमचा तास?" त्यात टोमणा नव्हता. तो खरंच वेळ विचारत होता.

घरी येताना मी स्वतःला समजावलं. आपणही शाळेत मार खाल्ला, आपण कुठे बिघडलो? आणि पोरं पास होतायत की. हे खरं होतं, पास होत होती.

त्यांच्यात एक मुलगा होता. डाव्या कोपऱ्यात खेळायचा, अंगाने बारीक, पण घोटा धरला की सोडायचा नाही. बाप नव्हता, आई परळच्याच एका रुग्णालयात आया होती. त्याला वर्गात आणायला मी स्वतः त्यांच्या खोलीवर गेलो होतो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मी त्या बाईला सांगितलं होतं, पोराला शिकू द्या, मी लक्ष ठेवतो. "तुमच्या हवाली करते मग," ती म्हणाली होती.

आणि हा मुलगा खरोखर ऐकायचा. एकदा मी गिरण्यांच्या सुरुवातीच्या काळाबद्दल शिकवत होतो. मुकादम कामगारांना कसे मारत ते सांगत होतो. त्याने हात वर केला.

"सर, मुकादम पण त्यांच्यातलाच ना? मग त्याला मारायला सांगायचं कोण?"

मी म्हटलं, सांगावं लागत नसे. मालकाला फक्त माणसं वेळेवर हवी असत.

त्याने ते वहीत लिहून घेतलं. मी फळ्याकडे वळलो आणि बराच वेळ काहीतरी पुसत राहिलो. संध्याकाळी फोन मात्र केलाच.

पुढच्या सत्रात कॉलेजात तपासणी समिती येणार होती. कला शाखा ठेवायची की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार. समिती वर्गात बसते, मुलांना प्रश्न विचारते. समिती यायच्या आठवड्यातच तो मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, आईचं ऑपरेशन झालंय, पोटाचं, रात्री मी तिच्यापाशी असतो, सकाळी येता येणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, आईकडे बघ.

"दादांना नका ना सांगू सर. सरावाला पण जात नाहीये मी. ते ऐकून नाही घेत."

"नाही सांगत," मी म्हणालो.

समितीच्या आदल्या संध्याकाळी मी स्टाफरूममधून दादांना नावं वाचून दाखवत होतो. प्राचार्यबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्याच्या नावापाशी मी थांबलो. उद्या समितीने काही विचारलं तर नीट बोलू शकेल असा तोच एक होता. मी त्याचं नाव वाचलं.

तासाभराने, उद्याच्या तयारीत आम्ही अजून स्टाफरूममध्येच होतो, तेव्हा दादांचा फोन आला. त्यांनी पोरं पाठवून त्याला रुग्णालयातून उचलून आणला होता. मागे व्यायामशाळेचा गलका. दादा म्हणाले, "सर, हा म्हणतो तुम्हाला सांगून सुट्टी घेतलीये. आई ॲडमिट आहे म्हणतो. तुम्हाला सांगितलं का यानं?"

हो म्हटलं असतं तर ते विचारणार, मग नाव कशाला दिलंत? प्राचार्यबाई ऐकत होत्या. मी ते वाक्य बोललो.

दादांना दांडी चालायची, खोटं चालायचं नाही. फोन चालूच राहिला. "सरांचं नाव घेतो भडव्या?" आणि उघड्या पंजाचा आवाज, फळीवर फळी पडावी तसा. दोरी नव्हती ती. मग काहीतरी लोखंडी सांडलं, डंबेल्सची चळत असावी. त्याचा आवाज आला, "दादा, आईशप्पथ..." आणि पुन्हा पंजा, तसाच. मग लाथा. तिसऱ्या कुणाचा तरी घाबरा आवाज, दादा बस, कानातून येतंय त्याच्या. मी लाल बटण दाबलं.

"येतायत ना सगळे?" प्राचार्यबाईंनी विचारलं. मी म्हटलं, येतायत.

तो आला. डाव्या कानात कापूस, कॉलरवर तपकिरी डाग, ओठ फुटलेला. पाठ न टेकता बसला. समितीतल्या एका बाईंनी नेमकं त्यालाच विचारलं, की तू कला शाखा का घेतलीस? त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला आणि पुन्हा विचारायला सांगितलं. मग उभा राहून म्हणाला, "सर घरी आले होते. आईला म्हणाले, मी लक्ष ठेवतो." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लागलं कसं, तेही त्यांनी विचारलं. "कबड्डी," तो म्हणाला.

तुकडी वाचली. मला शाल आणि नारळ मिळाला. त्यानंतर तो कॉलेजात आला नाही. कानाचा पडदा फाटला होता, नीट भरला नाही, असं पोरांकडून कळलं. मी रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दादांना फोन करणं मी लगेच थांबवलं असंही नाही. परीक्षा होईपर्यंत करत होतो.

गेल्या दिवाळीच्या आधी तो मला दादरला भेटला. एका सोन्याच्या दुकानाबाहेर गणवेशात उभा होता. मी ओळख न दाखवता निघालो होतो, त्यानेच हाक मारली. बाजूच्या टपरीवरून चहा मागवला. आई बरी आहे म्हणाला. दादा हल्ली थकलेत, म्हणाला. मी डाव्या बाजूला होतो, म्हणून तो सारखा वळून माझ्या ओठांकडे बघत होता. कप खाली ठेवून मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"जाऊ दे सर," तो म्हणाला. "तुमच्या नसेल राहिलं लक्षात. एवढी पोरं असतात तुम्हाला. मी दादांना पण तेच म्हटलं नंतर, सर विसरले असतील."

मी मान हलवली. चहा संपवला. तो दार उघडायला गेला, मी बसस्टॉपकडे.

मी विसरलो नव्हतो. त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून त्याला हे सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.