ढगाळ पहाटेची नोंद

डब्लिनच्या मराठी मंडळात धूमकेतूचा विषय निघाला की लोक सुमंतचं नाव घ्यायचे. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला हा इंजिनिअर चाळीस वर्षं आकाश पाहून वहीत टिपत आला होता. आणि यंदा ज्येष्ठांच्या सभेत धूमकेतूंवर बोलायला बोलावलं कोणाला, तर मंडळातल्या तरुण उल्हासला. ज्याने मान वर करून चंद्रसुद्धा धड पाहिला नसेल, त्या उल्हासला. सुमंतच्या पोटात दुखायला लागलं ते आठवडाभर थांबलं नाही.

तो पहिल्या रांगेत जाऊन बसला, तेही चुका काढायला. चूक सापडेना. गडी बोलत होता छान, तेच जास्त झोंबत होतं. बावीसशे वर्षांपूर्वी बाबिलोनमधल्या लेखनिकांनी हॅलेचा धूमकेतू मातीच्या पाटीवर कसा नोंदवला, हे ऐकताना सगळे रंगून गेले. सुमंतची बायको वसुधासुद्धा.

“आणि गंमत म्हणजे,” उल्हास म्हणाला, “आकाश क्लाउडी असलं की ते चक्क लिहायचे, ढग होते, पाहिलं नाही. म्हणून तर त्यांनी कॉमेट पाहिला म्हटलं की आपण ट्रस्ट करतो.”

सुमंतला त्या कधीच्या मेलेल्या लेखनिकाचाही हेवा वाटला. शहाऐंशी साली तो हॅले पाहायला पहाटे दोन तास गाडी चालवत गेला होता. आकाश ढगांनी गच्च भरलेलं. हात हलवत घरी आला, तर दूरच्या अर्विंग गावाहून मित्राचा, जगन्नाथचा फोन: मी डोळे भरून पाहिला. सुमंतचा नुसता जळफळाट झाला. त्याने वही ओढली आणि लिहिलं, ‘दिसला. शेपूट स्पष्ट.’ ते पान वसुधा अजून येईल त्या पाहुण्याला कौतुकाने दाखवते.

“आपल्या सुमंतकाकांनी तर हॅले स्वतः पाहिलाय,” उल्हास सांगत होता. “काका, ऑनेस्टली, तुमचा हेवा वाटतो. दोन शब्द बोला ना.”

हेच ऐकायला तर तो आठवडाभर तळमळला होता. तो उठला. शेपटीचं वर्णन त्याला तोंडपाठ होतं. पण उल्हास इतक्या विश्वासाने बघत होता की ते खोटं त्याला सांगवेना.

“ढग होते,” सुमंत म्हणाला. “पाहिलं नाही.”

काकांनी पाटीवरचं वाक्य काय झकास वापरलं, म्हणून सगळे हसले. उल्हासने टाळ्या वाजवल्या. वसुधा तेवढी हसली नाही. तिने हातातली फराळाची बशी खाली ठेवली आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.