लाल ठिपके कोणाचे

आमचं ऑफिस म्हणजे कॉलेज रोडवर दुकानाच्या वरच्या दोन खोल्या आणि पाच माणसं. सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्यांची शिफ्टची बस कुठवर आली हे मोबाइलवर दाखवणारं ॲप आम्ही सांभाळतो. आमचे मालक, म्हणजे सर, यांनी कोड तपासणारं सॉफ्टवेअर बसवलं. जो कोड चालतो, पण आतून सडायला लागलाय, तो हुडकून ते लाल ठिपका देतं आणि शेजारी तो कोणाचा, ते नाव दाखवतं. सरांनी लगेच नियम काढला: सोमवारी ज्याचे ठिपके जास्त, त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची.

पहिल्यांदा मजा आली. पण दर सोमवारी एकच नाव वर! सटाण्याहून आलेली, अजून कायम न झालेली आमची नवी मुलगी. ती बिचारी हसून मिसळ मागवायची. एक दिवस सर मला म्हणाले, "हिला कायम करावं का, विचारच पडलाय." तिच्या पगारावर धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं.

त्याच आठवड्यात कामगारांची ओरड सुरू झाली. बसमधून उतरलं तरी ॲप बस शोधतच राहतं, बॅटरी संपते. मी तिला म्हटलं, "बघतेस का जरा?"

"नको ताई. दुसऱ्याचा कोड नुसता आवरला, तरी ठिपके माझ्या नावावर येतात."

मी बसून पाहिलं. खरंच की! ओळीला शेवटचा हात ज्याचा, त्याचंच नाव लागत होतं. आम्ही करून ठेवलेला उकिरडा ही पोरगी झाडत होती आणि भुर्दंडही तिलाच. माझं डोकंच फिरलं. सरांपुढे जेमतेम तोंड उघडलं, तर म्हणे, "तिची वकिली नको." "मग बॅटरीचं तुम्हीच निस्तरा," म्हटलं आणि दार आपटून बाहेर आले.

सर माणूस कष्टाळू. त्यांनी खरंच ते निस्तरलं. चार ठिकाणी विखुरलेला कोड एका जागी आणला, तक्रार मिटवली.

सोमवारी स्क्रीनवर सगळ्यात वर सरांचं नाव. ठिपकेच ठिपके. हसायची कुणाची छाती होईना.

"अरे, हे मी लिहिलेलंच नाही!" सर ओरडले. "मी तर फक्त आवरलं!"

मग हळूच तिच्याकडे वळले. मी एक शब्द बोलले नाही, देवाशप्पथ.

"तुझंही हेच होत होतं?"

"हो सर. पहिल्या दिवसापासून."

सर लगेच तिचं कायम केल्याचं पत्र टाइप करायला बसले. मला तर बाई रडूच फुटलं.