नावाचा रकाना

काशीराम मांडवकर बारा वर्षं रामआळीतल्या एका फोटो स्टुडिओत होता. नवी जोडपी, आखातात निघालेली माणसं, शाळेचे वर्ग, सगळ्यांना त्याने हनुवटी वर करायला सांगितलं. शहाऐंशी साली एका सरकारी कचेरीत जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं मायक्रोफिल्मवर घ्यायचं काम निघालं, तेव्हा कॅमेऱ्याची माहिती असलेला माणूस म्हणून त्याला बोलावलं. तो आनंदाने गेला असंही नाही आणि नाइलाजाने गेला असंही नाही. बोलावलं म्हणून गेला, इतकंच.

रत्नागिरीच्या दमट हवेत ती रजिस्टरं फुगली होती. काहींना वाळवी लागली होती, काहींची पानं हात लावला की सुटून येत. खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं. मधोमध मुंबईहून आलेलं यंत्र, उंच दांड्यावर खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा आणि दोन्ही बाजूंना दिवे. काशीराम रजिस्टर खाली ठेवी, पान सारखं करी, वर काच दाबी आणि बटण दाबी. कट्. आकडा एकाने पुढे सरके. काच उचल, पान उलट, काच दाब. दिवसाला सहाशे पानं. त्यातली एक ओळसुद्धा तो वाचत नसे.

दप्तर सांभाळणारे युसुफ मुकादम मात्र वाचत. कुणाच्या आज्याची नोंद सापडली, कुठल्या गावात एका महिन्यात किती पोरं पटकीने गेली, ते सांगत. काशीराम हूं म्हणे. मुकादमांना वाटे, माणूस घुम्या आहे. घरीसुद्धा त्याच्या तोंडून याहून जास्त शब्द निघत नसत, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काशीरामला आणि तुळसाला लग्नानंतर सहा वर्षांनी, एकोणऐंशी साली एक मुलगी झाली होती. ती अकरा दिवस जगली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. घुगऱ्यांसाठी भिजत घातलेले हरभरे शेजारणीने उचलून नेले. तुळसा पुष्कळ रडली आणि मग कधीतरी थांबली. काशीराम रडलाच नाही. आता रडू येईल, मग येईल, अशी त्याने काही दिवस वाट पाहिली आणि पुढे वाट पाहणंही सोडून दिलं. दुसरं मूल झालं नाही.

श्रावणातल्या एका मंगळवारी एकोणऐंशीचं रजिस्टर काचेखाली आलं. पान सारखं करताना त्याला स्वतःचं नाव दिसलं. बापाचं नाव, आईचं नाव, गाव, तारीख. मुलीच्या नावाचा रकाना कोरा होता. शेरा म्हणून बाजूला ‘मयत’ लिहिलेलं. त्याचा हात थांबला, पण आत काहीच हललं नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढावा आणि कळू नये, तसं झालं.

मुकादम शेजारीच होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि चष्मा काढला.

“काशीरामभाऊ, नाव मागाहून घालता येतं,” ते हळू म्हणाले. “अर्ज द्या. साहेबांची सही मी घेतो.”

“घाई नाही,” काशीराम म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

फिल्म धुऊन आली तेव्हा ते पान स्वच्छ उमटलेलं होतं. उलट्या फिल्मवर कागद काळा आणि अक्षरं पांढरी. नावाच्या जागी नुसता काळा चौकोन.

तीन दिवसांनी, तुळसा दारात सुके बोंबील निवडत बसली होती तेव्हा, त्याने काही कारण नसताना ते सांगून टाकलं. एकोणऐंशीचं रजिस्टर आलं होतं, त्यात आपलं पान होतं, नाव लिहिलेलं नव्हतं. तुळसाचे हात थांबले.

“माजं ठरलेलं व्हतं,” ती म्हणाली. “राही.”

सात वर्षांत हे नाव तिने त्याच्यासमोर प्रथमच उच्चारलं. एकटी असताना ती ते म्हणत असेल का, असं त्याच्या मनात आलं. त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुवट लुगडं नेसून त्याच्याबरोबर कचेरीत आली. अर्ज मुकादमांनी लिहिला आणि तिने अंगठा दिला. साहेब जरा घुटमळले. मयत मुलाचं नाव घालायला कुणी येत नाही, म्हणाले. मग नको म्हणणारा नियम त्यांना सापडला नाही, तेव्हा त्यांनी सही केली. मुकादमांनी लाल शाईने कोऱ्या रकान्यात राही असं लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडं ठेवलं.

पान पुन्हा घ्यावं लागलं. काशीरामने काच दाबली. तुळसा दिव्यांच्या उजेडाबाहेर उभी होती.

“आदीचं पुसलं जाईल?” तिने विचारलं.

“नाही. दोन्ही ऱ्हातील. आदी बिननावाचं, मागून नावाचं.”

तिने मान हलवली. कट्.

आपल्याला आता काहीतरी वाटेल, असं त्याला वाटत होतं. छातीत थोडं जड झालं, त्यापुढे काही नाही. त्या दिवसाची चारशे पानं बाकी होती. तुळसा घरी गेली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर पदर सावरून बसून राहिली. पाच वाजता तो बाहेर आला, तेव्हा मुकादमांनी पाठवलेला चहा तिच्या शेजारी तसाच गार झाला होता. काशीरामने तो उचलला, अर्धा प्यायला आणि उरलेला तिच्या हातात दिला.

तिने तो पिऊन टाकला. मग दोघं घराकडे चालू लागली.