पडवीतले चार दिवस

मी खोटारडी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको.

वालूरला आमचे हे शाळामास्तर होते. निजामी होती, शाळेत सगळं उर्दूत चालायचं आणि घरात सासूबाईंचं सोवळं. महिन्याचे चार दिवस बाहेर पडवीत बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत यायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. चोविसाव्या वर्षी माझा महिना चुकला. सासूबाईंनी लगेच देवापुढं साखर ठेवली, शेजारणींना सांगूनही आल्या. दोन महिन्यांनी मी पुन्हा पडवीत बसले, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वेळी पाळी आलीच नाही. पुन्हा तो तमाशा नको, म्हणून दिवस मोजून मी आपली गुपचूप पडवीत जाऊन बसले. म्हटलं, चार-आठ दिवसांत येईलच खरी. कशाची येते! सहा महिने झाले, वर्ष झालं. पाळी जायच्या वयातल्या बायकांसारख्या थंडीतसुद्धा अंगातून वाफा निघायच्या, पोलकं भिजायचं. आणि मी दर महिन्याला कोऱ्या चिंध्या पाण्यात बुचकळून लुगड्याखाली वाळत घालत होते. घेतलेलं सोंग उतरवायचं कसं, तेच कळेना.

तेवढ्यात सासूबाईंनी सोनपेठची एक मुलगी यांच्यासाठी बघितली. यांनी साफ सांगितलं, आधी परभणीला डॉक्टरीणबाईला दाखवू, मगच पुढचं बोला. सेलूपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. डब्यात बसल्या बसल्या मी ठरवलं, आज सगळं सांगायचं. सवत आली तर आली.

बायकांच्या दवाखान्यात पुरुषांना आत सोडत नव्हते. हे बाहेर लिंबाखाली थांबले, माझ्याबरोबर सासूबाई आल्या. डॉक्टरीणबाई उर्दूत विचारायच्या, नर्स मराठीत सांगायची. पहिलाच सवाल, पाळी दर महिन्याला येते का? मी तोंड उघडलं, तर सासूबाईच म्हणाल्या,

"येती की. माझ्या डोळ्यांदेखत बसती. इतक्या वर्षांत एकदाच चुकली."

नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

बाईंनी पोट दाबून बघितलं, हात धुतले आणि म्हणाल्या, हिच्यात तर काही दोष दिसत नाही, आता नवऱ्याला तपासून घ्या. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. बाहेर येऊन त्यांनीच लेकाला सांगितलं. हे फक्त "बरं" म्हणाले आणि आमच्यापुढं स्टेशनाकडं चालू लागले.

सोनपेठची गोष्ट तिथंच संपली. दोष पोराचाच, तर दुसऱ्याची लेक आणून गावभर शोभा कशाला, असं सासूबाई म्हणाल्या. माझं घर वाचलं. तपासायला मात्र हे गेले नाहीत, लाजले. सेलूच्या हकिमाचं माजून, म्हणजे ताकदीचं चाटण, दोन वर्षं दुधातून खाल्लं. कुणाच्या बारशाला जाईनात. शाळेत कुणी पोराबाळांचं काढलं की उठून जायचे म्हणे. मी सगळं बघत होते आणि रोज दूध तापवून देत होते. माझ्या दुखण्याला औषध होतं की नव्हतं, ते मला आजवर कळलं नाही. कळून घ्यायचा हक्क मी मान हलवली तेव्हाच गेला.

पुढं सासूबाई वारल्या. आम्ही दोघंच उरलो. पडवीतल्या चार दिवसांत हेच रांधायचे. एका संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते, तर हे जवळ येऊन बसले.

"तुझी कूस माझ्यापायी रिकामी राहिली," म्हणाले. "मला माफ कर."

घरात तिसरं कुणी नव्हतं. खरं सांगायला याहून चांगली वेळ देवानंही दिली नसती. मी सुपातला खडा काढला आणि म्हणाले,

"असू द्या. मी कधी मनात धरलं न्हाई."

त्यांना लय बरं वाटलं. पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी माझी बसायची तारीख होती. मी पडवीत जाऊन बसले आणि त्यांनी चूल पेटवली.