बोंबलांची सावली

गावाकडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत उन्हावर वीज तयार करणारी पॅनेल बसवणारी एक छोटी कंपनी होती. तिथे मला उमेदवार म्हणून घेतलं, तेव्हा वडिलांनी माझ्या शाळेच्या हेडमास्तरांना घरी जेवायला बोलावलं. उमेदवार आम्ही दोघे होतो, मी आणि पार्ल्याचा एक मुलगा. सहा महिन्यांनी कायम एकालाच करणार होते.

शिकवणारे साहेब विषयात पक्के होते. ते भर दुपारी आम्हाला गच्चीवर न्यायचे. पॅनेलच्या काचेखाली गोल चकत्या एकीला एक जोडलेल्या असत. त्यांतल्या एकीवर पंजा ठेवायचं काम नेहमी माझं. काच तापलेली असे, पण साहेब सांगेपर्यंत हात काढायचा नाही. मीटरचा काटा कोसळला की ते म्हणायचे, "बघा, एक गावठी मध्ये घुसला की अख्ख्या लाइनीची वाट लागते!" सगळे हसायचे. मीही हसायचो. सावलीचा धडा मात्र असा पक्का झाला की आजही कुठल्याही छपरावर चढलो की मी आधी आजूबाजूला काय उभं आहे ते पाहतो. ते त्यांचंच देणं आहे.

पावसाळ्याच्या शेवटी वर्सोव्याला कोळ्यांच्या धक्क्यावर एक दिवा बसवायचा होता. पॅनेलची जागा साहेबांनी स्वतः दाखवली. दक्षिणेला मोकळं मैदान होतं. आम्ही खांब रोवला, बॅटरी जोडली, दिवा लागला.

पाऊस सरला आणि कोळणींनी त्या मैदानात बोंबील सुकवायला बांबू उभे केले. दरवर्षी करतात. दोरीवर दोरी चढली, आणि जसजसा सूर्य दक्षिणेकडे कलत गेला तसतशी बोंबलांची सावली पॅनेलवर सरकत आली. बॅटरी अर्धीच भरू लागली. पहाटे होड्या परतायच्या वेळेला दिवा विझलेला.

"जागा कोणी बघितली?" साहेबांनी सगळ्यांसमोर मलाच विचारलं. "शनिवारपर्यंत ते बांबू काढायला लाव. नाही जमलं तर गावची एसटी पकड."

मी गेलो. बोंबील टांगणाऱ्या कोळणीला म्हटलं, "मावशी, बांबू जरा बाजूला घेता का?"

"का रं? तुज्या साहेबाच्या घरात सुकवू का बोंबील?" बाकीच्या खो खो हसल्या. "दिवा तुमी लावला, न् मैदान आमचा हाय!"

त्यांचं खरं होतं. मग मी दिवसभर उन्हात उभा राहून सावली कुठवर जाते ते खडूने आखलं. जवळच्या बर्फाच्या गोदामाच्या छपरावर ती पोचत नव्हती. कोळ्यांच्या सोसायटीची परवानगी काढली, पॅनेल वर चढवलं, कोन मोजून बसवला, नवी केबल खाली आणली. शनिवारी होड्या आल्या तेव्हा दिवा जळत होता.

सोमवारी साहेब पार्ल्याच्या मुलाला घेऊन आले. छपरावर चढले, मीटर लावला, होकायंत्र धरलं, प्रत्येक जोड ओढून पाहिला.

"एक चूक नाही," ते म्हणाले.

"पण ठेवणार याला आहे. पुढच्या महिन्यात दिल्लीचे पाहुणे येतायत. त्यांच्यापुढे तुझं इंग्लिश ऐकवायचं का मी? तुला काय, गावाकडे पंप-बिंप दुरुस्त करशील."

मी म्हटलं, "सर, पण काम..."

"काम बरोबर आहे म्हटलं ना! आता याला सगळं समजावून दे, आणि मग जा."

साहेब खाली उतरले. पार्ल्याच्या मुलाने खिशातून पेन काढलं. "सॉरी यार," तो म्हणाला, "जरा हळू सांग ना."

मी पहिल्या जोडापासून हळूहळू सांगायला लागलो.